पावसाळ्याआधी टायर पाहा
(प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज मी चाकावर बोलणार आहे. बंडीच्या चाकावर नव्हे, मोटारीच्या चाकावर. आता कोणी म्हणेल, "आमच्याकडे कुठे मोटार आहे जी? हे मोटारवाल्याले सांगा." पण जरा आठवून पाहा. गेल्या आठ दिवसांत तुमच्यापैकी किती जण मोटारीत बसले? कोणी यवतमाळला दवाखान्यात गेले. कोणी आर्णीच्या बाजारात गेले. कोणाची पोर रोज गाडीत बसून शाळेत जाते. कापूस विकायला नेला, तोही गाडीनेच. गाडी दुसऱ्याची असते, पण तिच्यात बसलेला जीव आपला असतो. म्हणून हे सगळ्यांनी ऐकायचे आहे. ज्यांच्या दारात जीप आहे, जुनी मारुती आहे, त्यांनी तर जरा पुढे सरकून बसा.

मृग लागायला आता थोडेच दिवस राहिले. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. म्हणजे मोटारीचे चाक आठ महिने कोरड्या रस्त्यावर फिरते आणि चार महिने ओल्या. इथेच माणूस फसतो. कोरड्या डांबरावर घासलेला, गुळगुळीत झालेला टायरही चांगला चालतो. रस्त्याला चिकटून चालतो म्हणा ना. शर्यतीच्या मोटारींना कोरड्या रस्त्यासाठी मुद्दाम गुळगुळीत टायर लावतात. त्यामुळे मे महिन्यात ड्रायव्हरला विचारा, "भाऊ, टायर कसे आहेत?" तो म्हणेल, "एकदम मस्त. अजून एक वर्ष काढतील." तो खोटे बोलत नाही. त्याला दोष दिसलाच नाही. दोष दिसतो पहिल्या पावसात, आणि तेव्हा तो पाहायला फार कमी वेळ मिळतो.

असे का होते ते सांगतो. तुम्हाला वावराचे काम माहीत आहे, म्हणून हे समजायला जड जाणार नाही.

कपाशीत डवरा फिरवताना तुम्ही डवऱ्याला दोरी गुंडाळता आणि ओळीओळीत सरी पाडता. कशासाठी? जास्त पाऊस आला तर पाणी सरीतून निघून जावे, झाडाच्या मुळाशी साचू नये म्हणून. टायरवर जी नक्षी असते, तीही सरीच आहे. ती शोभेसाठी नाही. मोटारीच्या एका चाकाचा तळहाताएवढाच भाग एका वेळी रस्त्याला टेकतो. चार चाके म्हणजे चार तळहात. एवढ्यावर सगळी गाडी, त्यातली माणसे आणि वरचे ओझे पेललेले असते. पाऊस पडला की या तळहाताच्या आणि डांबराच्या मध्ये पाणी येते. चाक जोरात फिरत असेल तर दर सेकंदाला कित्येक लिटर पाणी त्याला बाजूला सारावे लागते. नक्षीच्या सऱ्या खोल असल्या तर पाणी त्यांतून मागे आणि बाजूला फेकले जाते आणि रबर डांबराला भिडते. सऱ्या उथळ झाल्या, बुजल्या, की पाण्याला वाट राहत नाही. मग ते चाकाखालीच राहते आणि चाक त्याच्यावर चढते. गाडी जमिनीवर नसते, पाण्यावर असते. ड्रायव्हरच्या हातातले स्टेअरिंग एकदम हलके होते. ब्रेक दाबला तरी उपयोग नाही, कारण चाक धरायला खाली रस्ताच नसतो.

ही गोष्ट अमेरिकेतल्या नासा या संस्थेने १९६० च्या दशकात नीट तपासली. विमाने ओल्या धावपट्टीवर उतरताना घसरत होती. तेव्हा त्यांनी प्रयोग करून एक हिशेब बसवला. टायरमधली हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगाला चाक पाण्यावर तरंगू लागते. आपल्या मोटारीला तो हिशेब लावला तर ठोकळ मानाने असे निघते. टायर गुळगुळीत आहे, रस्त्यावर पाणी साचले आहे आणि हवा ३२ पौंड आहे, तर चाक ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास तरंगते. हवा २० पौंडच असेल तर ताशी ७४ लाच. पूर्ण तरंगायच्या बऱ्याच आधीपासून पकड सुटू लागते, हेही लक्षात ठेवा.

आता हवेची गोष्ट निघालीच आहे तर बोलून टाकतो. पुष्कळ ड्रायव्हर पावसाळ्यात हवा कमी करतात. "हवा कमी केली की टायर पसरते आन् पकडते," असे सांगतात. गाऱ्यात रुतलेली गाडी काढायची असेल तर हे खरे आहे. पण डांबरी रस्त्यावर हे उलटे आहे. हवा कमी झाली की टायरचा मधला भाग आत दबतो, सऱ्या मिटतात आणि पाणी मध्येच अडकते. कंपनीने जितके पौंड सांगितले तितकेच ठेवा. तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी मोजा. गाडी पळाली की टायर तापतो आणि आकडा वाढून दिसतो.

आता टायर पाहायचा कसा ते सांगतो.

नव्या मोटारीच्या टायरची सरी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याने ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. मोजायला कोणतेही महागडे यंत्र नको. आगपेटीतली एक काडी घ्या. ती सरीत उभी धरा. जिथपर्यंत आत गेली तिथे नखाने खूण करा. मग पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि काडी तिच्यावर ठेवा. पट्टीवरची एक बारीक रेघ म्हणजे एक मिलिमीटर. तीन रेघांच्या वर असेल तर पावसाळा काढता येईल. तीन रेघांच्या खाली गेली असेल तर पावसाळ्याआधी टायर बदला. दीड रेघेवर आली असेल तर तो टायर कायद्यानेही गेला आणि कामातूनही गेला.

कोणी विचारेल, कायदा १.६ म्हणतो, मग तुम्ही तीन का सांगता? कारण कायद्याची रेघ ही शेवटची रेघ आहे. विहिरीला कठडा असतो म्हणून कोणी कठड्यावर जाऊन बसत नाही. तीनच्या खाली गेल्यावर ओल्या रस्त्यावरची पकड झपाट्याने कमी होते. गाडी ताशी ६० ने धावत असेल तर ती एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर बंडी आडवी आली, म्हैस आली, तर थांबायला आठ-दहा मीटर जास्त लागले म्हणजे काय होईल, ते मी सांगायला नको.

काडी चाकाच्या एकाच ठिकाणी लावू नका. आतल्या बाजूला लावा, मध्ये लावा, बाहेरच्या बाजूलाही लावा. पुष्कळदा बाहेरून टायर चांगला दिसतो आणि आतली कड पार गेलेली असते. तसे असेल तर चाकांची रेघ बिघडली आहे. नवा टायर घालण्याआधी अलाइनमेंट करून घ्या. नाहीतर नवाही तसाच खाल्ला जाईल.

सरीच्या तळाशी मध्ये मध्ये रबराची छोटी आडवी गाठ असते. शेतात पाणी अडवायला मातीचा लहान बांध घालतो ना, तशी. टायर घासत घासत त्या गाठीच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ वर आला. गाठ कुठे आहे हे दाखवायला टायरच्या बाजूच्या भिंतीवर लहान त्रिकोण किंवा टी, डब्ल्यू, आय अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात.

अक्षरांचे निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. तुम्ही इथे रोज रात्री दिवसभराचे काम करून येता आणि पाटीवर अक्षरे गिरवता. कोणी हसतात तुम्हाला. "आता म्हातारपणी वाचून काय कलेक्टर होतेस काय?" असे म्हणतात. होऊ नका कलेक्टर. पण टायर वाचा. टायरच्या भिंतीवर सगळे लिहिलेले असते. ते इंग्रजी अक्षरांत असते, पण जे वाचायचे ते बहुतेक आकडेच आहेत. आणि नोटेवरचे, मोबाईलवरचे आकडे तुम्ही आता ओळखता.

सगळ्यात कामाचे चार आकडे आहेत. डी, ओ, टी ही अक्षरे शोधा. त्यांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, बहुधा लांबट गोलात. समजा ते १८२४ आहेत. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा. शेवटचे दोन म्हणजे साल. म्हणजे तो टायर २०२४ सालच्या १८ व्या आठवड्यात, मे महिन्याच्या सुरुवातीला तयार झाला. हे आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर वाकून आतल्या बाजूला पाहा. आणि चारच्या जागी तीनच आकडे सापडले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. तो बंडीलाही लावू नका!

साल कशाला पाहायचे? रबर म्हातारे होते म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. उन्हाने रबर वाळते, कडक होते. भिंतीवर बारीक भेगा पडतात. काळ्या वावराला उन्हाळ्यात भेगा पडतात तशा. असा टायर कमी चाललेला असला आणि सरी खोल असली तरी ओल्या रस्त्यावर धरत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षांचा झाला तर दिसायला कितीही चांगला असो, काढून टाका. दुकानात नवा म्हणून जो देतात तोही वाचून घ्या. गोदामात तीन-चार वर्षे पडलेला माल "नवा कोरा" म्हणून गळ्यात मारणारे असतात. दुकानदाराला शांतपणे म्हणा, "शेटजी, यावर साल काय लिहिलं आहे, जरा सांगा." एवढे विचारले की तो आतून दुसरा टायर आणतो.

दुसरे वाचायचे ते माप. लहान मारुती गाडीवर १४५/८० आर १२ असे काही लिहिलेले असते. १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शंभरात ऐंशी. १२ म्हणजे आतल्या लोखंडी रिमचे माप, इंचांत. नवा टायर याच मापाचा घ्या. आजकाल पोरांना रुंद टायरांची हौस असते. गाडी ऐटदार दिसते, हे खरे. पण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि तो लवकर तरंगतो.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो. तो वजनाचा. ८८ असेल तर एक टायर ५६० किलो पेलतो. त्याच्या बाजूचे अक्षर वेगाचे असते. जुन्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कधीही घेऊ नका. नऊ माणसांच्या गाडीत पंधरा बसवून वर दोन शेळ्या चढवणाऱ्यांना हा आकडा काय सांगणार म्हणा!

आता खरी गोष्ट. टायर निवडायचा कसा? आपला माणूस दुकानात गेला की एकच प्रश्न विचारतो, "किती किलोमीटर चालन?" प्रश्न वाईट नाही. पैसा घामाचा आहे. पण जो टायर फार चालतो त्याचे रबर बहुतेक कडक असते. कडक रबर हळू झिजते आणि ओल्यात कमी धरते. मऊ रबर लवकर झिजते, पण धरते. चांगल्या कंपन्या रबरात सिलिका घालतात. सिलिका हा वाळूच्याच जातीचा पदार्थ आहे. त्यामुळे टायर ओल्या रस्त्यावर धरतो आणि टिकतोही. सरकारनेही २०२२ साली मोटारींच्या नियमांत ओल्या रस्त्यावरच्या पकडीची कसोटी आणली. म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारा. किती चालेल, आणि ओल्यात कसा धरतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याच्याकडून टायर घेऊ नका. आयएसआयचा शिक्का पाहायला विसरू नका.

नक्षी कोणती असावी? इथेही एक गैरसमज आहे. लोकांना वाटते, मोठमोठ्या गुट्ट्यांचा, ट्रॅक्टरसारखा टायर पावसात सगळ्यात चांगला. गाऱ्यात तो चांगलाच. तुमचा रस्ता तांड्यावरचा, कच्चा, काळ्या मातीचा असेल तर गुट्टीचाच घ्या. पण दिवसभर गाडी यवतमाळ-नागपूर डांबरावर पळत असेल तर तो कामाचा नाही. त्या मोठ्या गुट्ट्यांमध्ये पोकळी जास्त, म्हणून डांबराला रबर कमी टेकते. डांबरासाठी लांब सरळ सऱ्या आणि मध्ये बारीक बारीक चिरा असलेला टायर घ्या. काही टायरांवर बाण काढलेला असतो. चाक पुढे जाताना बाणाच्या दिशेनेच फिरले पाहिजे. उलटा बसवला तर त्याची सरी पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी आत ओढते. पंक्चर काढल्यावर चाक दुसऱ्या बाजूला बसवतात, तेव्हा ही चूक होते. बसवणारा घाईत असतो. आपण पाहायचे.

काळ्या मातीचे आणखी एक आहे. वावरातून ट्रॅक्टर आणि बंड्या निघतात आणि चाकांचा गारा डांबरावर सांडतो. पहिल्या सरीने तो ओला होतो. वर्षभर सांडलेले तेलही वर येते. पहिल्या पावसात रस्ता जितका निसरडा असतो तितका नंतरच्या धो धो पावसातही नसतो. आणि आपल्या चाकाच्या सऱ्या गाऱ्याने भरल्या तर नवा टायरही गुळगुळीतच झाला. कच्च्या रस्त्यावरून डांबरावर चढताना उतरा, एक काडकी घ्या आणि सऱ्या मोकळ्या करा. पाच मिनिटे लागतात.

जुना टायर घेऊ की नको, हा प्रश्न मला फार विचारतात. गरिबाला नवा परवडत नाही, हे मला समजते. पण जुन्या टायरचा पूर्वीचा संसार आपल्याला माहीत नसतो. तो कुठे आपटला, आतून कुठे फाटला, बाहेरून दिसत नाही. रबर चढवलेला रिमोल्ड टायर ट्रकच्या मागच्या चाकांना चालतो. चांगल्या कारखान्यातला असेल तर त्यात काही गैर नाही. मोटारीला, जीपला तो लावू नका, पुढे तर मुळीच नको. आणि एक प्रकार असा आहे की त्याला मी माफ करत नाही. गुळगुळीत टायर घ्यायचा, तापलेल्या पात्याने त्यात नव्या सऱ्या कोरायच्या आणि काळा रंग मारून विकायचा. दिसतो नव्यासारखा. पण आधीच पातळ झालेले रबर आणखी कोरले, की आतल्या तारा अन् कापड उघडे पडायला येते. सरीच्या तळाशी नख घालून पाहा. ती गाठ मी सांगितली ना, ती सापडली नाही आणि सरीच्या कडा खरबरीत लागल्या, तर हात जोडून दुकानातून बाहेर या.

आता पैशाचे. कापसाचा पैसा येतो दिवाळीनंतर. जून महिन्यात हातातले सगळे बियाण्यात आणि खतात जाते. टायर मात्र जूनमध्येच लागतो. म्हणून आपल्याकडे टायर नेहमी "दिवाळीनंतर पाहू" यात अडकतो, आणि पावसाळा घासलेल्या टायरवर निघतो. ज्याची गाडी आहे त्याने कापूस विकला त्याच दिवशी दोन टायरांचे पैसे बाजूला काढावेत. पोस्टात टाका, बँकेत टाका, घरधनिणीजवळ द्या. तिच्याजवळ ते सगळ्यात सुरक्षित राहतील.

चार टायर एकदम घेता आले तर उत्तम. दोनच घ्यायचे असतील तर ते पुढे लावायचे की मागे? मी बरीच वर्षे टायर काढण्या-घालण्याचे काम केले. दहा माणसांना विचारले तर नऊ सांगतात, "पुढं लावा. स्टेअरिंग पुढं असते." मीही तेच समजत होतो. एका पावसाळ्यात मी माझ्या स्वतःच्या जुन्या जीपला पुढे दोन नवे घातले आणि मागे गुळगुळीत ठेवले. पुसदच्या बाजूला एका साध्या वळणावर, ताशी पन्नासही वेग नसेल, गाडीचे बूड सुटले. पुढची चाके रस्ता धरून होती आणि मागचा भाग त्यांच्याभोवती गरकन फिरला. मी स्टेअरिंग कोणत्या बाजूला फिरवले ते मला आजही आठवत नाही. गाडी उलट तोंड करून तुरीच्या वावरात जाऊन उभी राहिली. माझ्या मागे माझी बहीण तिचे तान्हे घेऊन बसली होती. कोणाला खरचटलेही नाही. पण त्या वळणाच्या दुसऱ्या बाजूला वावर नव्हते, खोल नाला होता.

त्या दिवसापासून मी सांगतो, नवे दोन मागे लावा. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ पुढे जाते, वळत नाही. पाय उचलला, वेग उतरला, की ती पुन्हा धरते. आपल्याला काय होते आहे ते कळते आणि सावरता येते. मागची चाके घसरली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी भल्याभल्या ड्रायव्हरला आवरत नाही. मोठ्या टायर कंपन्याही आज हेच सांगतात. पुढचे दोन मात्र चालण्यासारखे, तीन रेघांच्या वरचेच असले पाहिजेत. आणि एका आसावर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे ठेवा. एक बैल तेज आणि एक मट्ठ, अशी जोडी औताला लावत नाही आपण.

गाडी पाण्यावर तरंगलीच तर काय करायचे? पाय ॲक्सिलेटरवरून हळूच उचला. ब्रेक दाबू नका. स्टेअरिंग सरळ धरून ठेवा. दोन-तीन सेकंदांत चाक पुन्हा रस्त्याला लागते.

मोटारसायकलवाल्यांनो, तुम्हाला दोनच तळहात आहेत. तुमचा मागचा टायर आधी झिजतो, आणि तुम्ही पुढच्याकडे पाहतच नाही. दोन्ही पाहा.

मावशी, तुम्ही मघापासून हात वर करता आहात. "आमी त सवारी हावो. आमी काय कराव?" असे विचारता. बरोबर विचारले. तुम्ही काळीपिवळीत बसायच्या आधी एक फेरी गाडीभोवती मारा. चार चाके पाहा. गुळगुळीत दिसले तर म्हणा, "भाऊ, टायर टकले झाले. मी नाही बसत." एकटीने म्हटले तर तो हसेल. पाच जणी उतरल्या तर हसणार नाही. शाळेच्या गाडीचे टायर तर आईबापांनी महिन्यातून एकदा पाहावेत. त्यात लाज कसली? २०२३ साली नागपूरच्या समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याच्या माणसांनी असेच टायर तपासले आणि घासलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. तिथे साहेब उभे राहिले. आपल्या पांदणीच्या तोंडाशी साहेब येणार नाही. आपणच उभे राहायचे.

एक गोष्ट राहिली. ती टायरची आहे आणि नाहीही. नवा टायर घातला म्हणून पुलावरच्या पाण्यात गाडी घालू नका. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत होते, आणि त्यात एसटीची बस वाहून गेली. चार जणांचा जीव गेला. एवढी मोठी, जड बस. सरी पाणी बाजूला सारते ते बोटभर. गुडघाभर पाणी ती सारू शकत नाही. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार उचलली जाते, आणि टायरमधली हवा तिला तरंगायला मदतच करते. दोन फूट पाणी असेल तर जीपही जाते. शिवाय वरून पाणी असले की खालचा पूल आहे की खचला, हे दिसत नाही. पाणी पुलावर असेल तर अलीकडे थांबा. रात्र काढावी लागली तर काढा. आपल्याकडचे नाले जसे चढतात तसे काही तासांत उतरतातही.

आता पाटी-पेन्सिल ठेवा बाजूला. बाहेर पिंपळाखाली आपल्या गावची जीप उभी आहे. तिच्या मालकाला मी विचारले आहे, तो हो म्हणाला. कोणीतरी टॉर्च घ्या, कोणीतरी आगपेटी घ्या, आणि पोरांकडून एक पट्टी मागून आणा. डावीकडचे मागचे चाक पहिले पाहू. ते चार आकडे मावशी वाचतील.